ॲडजस्टचं कर्म

इंग्रजीतून मराठीत येणारी क्रियापदं सहसा एकटी येत नाहीत, त्यांना आपलं ‘करणे’ नाहीतर ‘होणे’ जोडावं लागतं. चेक करणे, फॉरवर्ड करणे, कन्फ्यूज होणे. आणि जिथे ‘करणे’ लागतं तिथे कर्मही बरोबर येतं, म्हणजे काय चेक करायचंय, काय फॉरवर्ड करायचंय हे वाक्यात असतं, नसलं तर निदान विचारल्यावर सांगता तरी येतं. ‘ॲडजस्ट’ने मात्र कर्म दाराबाहेर ठेवलं आणि मग आपल्या घरात पाऊल टाकलं. ‘जरा ॲडजस्ट करा.’ काय करा? किती? कधीपर्यंत? विचारून बघा एकदा, समोरचा असा चेहरा करेल की जणू तुम्हीच आगाऊ.

मला हा शब्द जरा जास्तच खुपतो कारण मी जनरल इन्शुरन्समध्ये मरीन क्लेम बघते, म्हणजे जहाजातून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचे दावे. दिवसभर फायलीत ॲडजस्टमेंट, येता-जाता लोकलमध्ये ॲडजस्ट, आणि घरी पोचून चहा टाकते न टाकते तोच वहिनीचा फोन, अगं तू तरी समजाव तिला, आत्याचं ऐकते ती, मुलीच्या जातीने थोडं ॲडजस्ट करायला शिकलं पाहिजे. शब्द तोच, पण तिन्ही ठिकाणी माणसं इतक्या वेगळ्या गोष्टी बोलत असतात की शेवटी मी कोश उघडून बसले.

इंग्रजीत हे मुख्यतः वस्तूंचं क्रियापद आहे. गाडीचा आरसा, खुर्चीची उंची, घड्याळाचे काटे, बॅगेचा पट्टा, आवाज, फोकस. ॲडजस्टेबल पाना माहितीये ना, स्क्रू फिरवला की ज्याचा जबडा लहान-मोठा होतो तो? आज जो सगळीकडे दिसतो त्या पान्याचं पेटंट स्वीडनच्या योहान पेटर योहान्सनने १८९२ मध्ये घेतलं, डेन्मार्कमध्ये तर त्याला अजून ‘स्वीडिश किल्ली’ म्हणतात. त्याची सगळी मजा अशी की नट आहे तस्साच राहतो, पान्याने आपलं तोंड त्याच्या मापाचं करायचं. माणसांबद्दलही इंग्रजीत हा शब्द चालतो, नाही असं नाही, पण तेव्हा कशाशी ते बहुधा सांगितलेलं असतं. डोळे अंधाराला सरावतात, मूल नव्या शाळेला, म्हातारी माणसं नव्या गावाच्या हवेला. नुसतंच, हवेत सोडून दिल्यासारखं ‘ॲडजस्ट’ ही आपली कमाई. आपली म्हणजे फक्त मराठी माणसांची नाही, बंगळुरूला ‘स्वल्प अडजस्ट माडि’ हे तर शहराचं बोधवाक्य असल्यासारखं ऐकू येतं, आणि हिंदीतलं ‘थोडा ॲडजस्ट कर लो’ सगळ्यांनाच पाठ आहे.

बरं, मराठीत शब्द नव्हता म्हणून उसना घेतला म्हणावं तर तसंही नाही, उलट ढीग आहे. जुळवून घेणे, जमवून घेणे, सांभाळून घेणे, चालवून घेणे, खपवून घेणे, पडतं घेणे, नमतं घेणे, मिळतंजुळतं घेणे. प्रत्येकात ‘घेणे’ आहे, बघितलंत? एरवी मराठीत असं ‘घेणे’ जोडलं की त्यात स्वतःच्या सोयीचं काहीतरी असतं, जेवून घे, झोपून घे, दोन पैसे आहेत तोवर एखादी साडी घेऊन घे. या रांगेत मात्र जे घ्यायचं ते ओझं. आणि तरी हे सगळे जुने शब्द मला प्रामाणिक वाटतात, कारण प्रत्येकजण काही ना काही उघड करून जातो. ‘तिने पडतं घेतलं’ म्हटलं की कोण पडलं ते कळतं. ‘खपवून घेतलं’ म्हटलं की खपवून घ्यावं लागेल असं काहीतरी वाईट घडलंय हे बोलणाऱ्याने मान्य केलेलं असतं. ‘सोसलं’ म्हटलं तर दुखलं हे आलंच. ‘तडजोड’ला दोन पक्ष लागतात, एकाने केली तर ती तडजोड नाही. ‘ॲडजस्ट’मध्ये यातलं काही म्हणजे काहीच दिसत नाही, कोणी पडलं नाही, काही खपलं नाही, दुखलंखुपलं नाही, दुसरा पक्ष आहे की नाही तेही माहीत नाही. इतका गुळगुळीत शब्द मिळाल्यावर बाकीच्यांना कोण विचारतो. सासूने सुनेला ‘सोस’ म्हणणं आता बरं दिसत नाही, पण ‘ॲडजस्ट कर’ हे अगदी मॉडर्न, समजूतदार, इंग्लिश मीडियमचं वाटतं.

आता मूळ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द एकदा इंग्रजीत आला, नंतर १६००च्या आसपास पुन्हा नव्याने, दोन्ही वेळा फ्रेंचमधून. फ्रेंचमध्ये तो उशिराच्या लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये त्याच्या पोटात आहे ‘युक्स्ता’, म्हणजे जवळ, लगत, खेटून. म्हणजे मूळ अर्थ साधा, जवळ आणणे, शेजारी लावणे. हा युक्स्ता पुन्हा ज्या घराण्यातला त्याच घराण्यातला आपला संस्कृत युज् धातू, योग, युक्त, संयुक्त, योजना सगळी त्याची पोरं, आणि बैलाच्या मानेवरचं जू पण (संस्कृत युग, प्राकृतात घासून जू), आणि इंग्रजांचं ‘योक’ पण. म्हणजे आपल्या जूचा हा लांबचा भाऊ सातासमुद्रापार जाऊन, कोट घालून, परत आपल्याच मानेवर येऊन बसला. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसले, शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं काहीतरी व्हॉट्सॲपवर आलं असणार.

पण ‘खेटून’ म्हटल्यावर मला पहिली आठवली ती चौथी सीट. मुंबईच्या लोकलमध्ये सेकंड क्लासचं बाकडं तिघांचं, चौथा बसतो तो रिवाजाने. तिघी बसलेल्या असतात, चौथी येते, एक शब्द बोलते, आणि तिघी नुसतं सरकल्यासारखं करतात, प्रत्यक्षात कोणी फारसं सरकत नाही पण चार बोटं जागा होते आणि त्या चार बोटांवर ती ठाण्यापर्यंत जाते, एक पाय पॅसेजमध्ये रोवून. जवळ आणणे, शेजारी लावणे. रोमन माणूस त्या डब्यात चढला असता तर त्याला बाकी काही नाही तरी हे क्रियापद नक्की कळलं असतं. रेल्वेची स्वतःची एक संज्ञा आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. इतक्या माणसांना इतकं जवळ आणणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

आणि याच युक्स्तापासून इंग्रजीत अजून एक शब्द गेलाय, ‘जाउस्ट’. चिलखत घातलेले दोन सरदार घोड्यावरून भाले रोखून एकमेकांच्या अंगावर धावून जातात ती झुंज. तोही मुळात ‘जवळ येणे’च. जवळ आले की एकतर सरकायचं नाहीतर भिडायचं, दोन्ही सोयी भाषेने आधीच करून ठेवल्यात. संध्याकाळच्या कर्जत फास्टला लेडीज डब्यात ज्यांनी उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची गाठ पडताना बघितलीये त्यांना चिलखताची उणीव जाणवली असेल.

मग यात ‘जस्ट’ कुठून आला? तर तो आला चुकून. लॅटिनमध्ये ‘युस्तुस’ म्हणजे न्याय्य, योग्य, जस्टिस त्यातलाच, आणि लोकांना वाटलं की ॲडजस्टमध्ये तोच बसलाय, म्हणजे ‘न्याय्य स्थितीला आणणे’. उच्चार सारखा, अर्थही बरा लागतो, झालं, शब्दाला नवा बाप मिळाला. असं भाषेत सारखं होत असतं. पण एकदा लोकांनी अर्थ मानला की तो खरा होतोच की, आणि गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत इंग्रजीत या शब्दाला प्रमाणाला धरून नीट करणे, योग्य मापाला आणणे असा जो वास लागला तो या गैरसमजातूनही लागला. मला हा गैरसमज फार आवडतो. कारण माझा धंदा त्याच्यावर चालतो.

धंद्याआधी एक शाळेतली गोष्ट. ज्यांनी बारावी कॉमर्स केलंय त्यांना ॲडजस्टमेंट म्हटलं की अंगावर काटा येतो, मराठी मीडियमवाल्यांना ‘समायोजने’. तेरीजपत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, दिलेलं असतं, आणि खाली पाच-सहा ओळी, अखेरचा माल इतका, पगार देणे बाकी, यंत्रावर दहा टक्के घसारा, अमुक रक्कम बुडीत समजा. आणि सर फळ्यावर एकच वाक्य दरवर्षी लिहिणार की तेरजेबाहेरच्या प्रत्येक ॲडजस्टमेंटचे परिणाम दोन. एकदा नफा-तोट्यात, एकदा ताळेबंदात. पगार देणं बाकी असेल तर खर्चात वाढवा आणि देण्यातही दाखवा. एकच बाजू लिहिलीत की ताळेबंद जुळणार नाही आणि मग पेपर संपेपर्यंत कॅल्क्युलेटर बडवत बसा. नववी-दहावीपर्यंत घरात ऐकलेला शब्द आणि हा शब्द एकच आहे हे तेव्हा डोक्यात आलंच नव्हतं. घरातल्या ॲडजस्टमेंटला एकच बाजू असते, तरी घर जुळलेलं दिसतं, कारण कोणी बेरीजच करत नाही.

सरकारी मराठीनेही समायोजन उचललंय. ‘अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन’ ही बातमी पेपरात नियमाने येते, पटसंख्या घसरली, संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर त्या सरकारी हिशोबात, पदं उडाली, आता या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत ‘ॲडजस्ट’ करायचं. तिथे निदान कर्म आहे म्हणा. ते कर्म म्हणजे एक जिवंत माणूस आणि त्याची घरापासून शाळेपर्यंतची रोजची एसटी, हा भाग वेगळा.

तर धंदा. समुद्री विम्यात ‘ॲव्हरेज ॲडजस्टर’ नावाचा एक प्राणी असतो. लंडनमध्ये त्यांची संघटना १८६९ पासून आहे. आधी ‘ॲव्हरेज’चं सांगते, आपण गाडी ॲव्हरेज किती देते विचारतो ना, तो शब्द मुळात प्रवासात झालेल्या मालाच्या नुकसानीचा, भूमध्य समुद्रातल्या बंदरांमधून वर गेलेला, आणि त्याचं मूळ अरबी आहे असं बहुतेक कोशकार मानतात. नुकसान सगळ्यांत वाटून घ्यायचं, त्या वाटणीवरून सरासरी. म्हणजे सरासरीचा हा इंग्रजी शब्दच नुकसानभरपाईतून निघाला.

प्रकार असा असतो. जहाज वादळात सापडलं, बुडायची वेळ आली, कप्तानाने जहाज हलकं करायला काही माल समुद्रात फेकून दिला, आणि जहाज वाचलं. आता ज्याचा माल फेकला त्याचं काय? हाताशी आला तो फेकला, त्याचा काही गुन्हा नव्हता. तर दोन हजार वर्षांहून जुना नियम असा की सगळ्यांसाठी जे टाकलं ते सगळ्यांनी मिळून भरायचं. हा ऱ्होड्स बेटाचा कायदा म्हणून रोमन लोकांत प्रसिद्ध होता आणि सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने जो कायद्याचा मोठा संग्रह करवला त्यात तो आहे (या गृहस्थांच्या तर नावातच जस्ट). आज त्याचे तपशील यॉर्क-अँटवर्प नावाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत असतात आणि आपल्या १९६३च्या मरीन इन्शुरन्स कायद्यातही त्याचं कलम आहे.

हिशोब बघा, सोपा आहे. जहाज साठ लाखांचं, चार व्यापाऱ्यांचा माल प्रत्येकी दहा लाख, एकूण एक कोटी. एकाचा सगळा माल फेकला, नुकसान दहा लाख, म्हणजे एकूण किमतीच्या दहा टक्के. मग प्रत्येकाने आपापल्या वाचलेल्या किमतीच्या दहा टक्के द्यायचे. जहाजमालक सहा लाख, तीन व्यापारी एकेक लाख, झाले नऊ. आणि दहावा लाख? तो ज्याचा माल गेला त्याचा स्वतःचा. त्याला नऊ लाख परत मिळतात, दहा नाही, कारण जहाज वाचल्याचा फायदा त्यालाही झाला. हे जेव्हा ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मला गणितापेक्षा त्यातली सभ्यता आवडली होती, की ज्याचं गेलं त्याला बिचारा म्हणून वर उचलत नाहीत, बाकीच्यांच्याच रांगेत बसवतात. तो आणि बाकीचे एकाच टक्केवारीत. हा हिशोब करणारा तो ॲडजस्टर. त्याच्या तोंडात ॲडजस्ट म्हणजे सरका नव्हे, चूप बसा नव्हे, प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहा.

आणि हे पुराणातलं नाही. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझच्या कालव्यात आडवं अडकलं होतं ते आठवत असेल, चारशे मीटर लांब जहाज, पंचवीसच्या पंचवीस खलाशी भारतीय, २३ तारखेला रुतलं आणि २९ ला निघालं, आणि निघाल्यावर इजिप्तने ते जुलैपर्यंत अडवून धरलं. त्या जहाजाच्या मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, वरच्या सगळ्यांनी मिळून भरायच्या पद्धतीचं हेच नाव. म्हणजे ज्याने कोणी त्यात कुठल्याशा कंटेनरमध्ये खेळणी, चपला, सोफे काय असेल ते भरलं होतं, त्याला निरोप गेला की जहाज सोडवायला आलेल्या खर्चात तुमचा वाटा आहे. माल धड असला तरी. अशा वेळी विमा असेल तर कंपनी गॅरंटी देते, मालवाला ॲव्हरेज बॉण्डवर, म्हणजे माझा वाटा भरेन अशा लेखी कबुलीवर, सही करतो, आणि ते होईपर्यंत माल सुटत नाही. विमा न काढलेले छोटे व्यापारी अशा वेळी हवालदिल होतात कारण रोख डिपॉझिट भरावं लागतं. फोनवर आधी सगळ्यांचा प्रश्न एकच, माझा तर डबा हललापण नाही, मी का भरू? मग समजवायचं की तुमचा डबा हलला नाही तो कशामुळे. पटायला वेळ लागतो, पण मुद्दा सांगता येतो कारण कागदावर आकडा असतो.

लोकलचं मी वर जरा हसण्यावारी नेलं, पण खरं सांगायचं तर या ॲडजस्टरच्या सगळ्यात जवळ जाणारी जागा मला लेडीज डब्यातच सापडली. रोजच्या ग्रुपमध्ये अर्ध्या वाटेवर बसलेल्या उठतात आणि उभ्या असलेल्यांना बसवतात, आमच्याकडे घाटकोपर आलं की आपोआप उठायचं, कोणी सांगत नाही. एखादीचे पाय दुखत असतील, एखादी गरोदर असेल तर तिची पाळी धरत नाहीत. आणि जी सतत बसूनच जाते, झोपेचं सोंग घेते, तिच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, आणि एक दिवस तिची पिशवी रॅकवर ठेवायला कोणी हात देत नाही. वही नाही पण खातं आहे. चौथ्या सीटला जे ‘ॲडजस्ट करा’ म्हणतात त्याचं कर्मही डोळ्यांसमोर असतं, चार बोटं जागा, आणि मुदत असते, माझं स्टेशन येईपर्यंत. म्हणून ते ॲडजस्ट मला कधी डाचत नाही.

डाचतं ते घरातलं. आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो, वन रूम किचन. आई शिवणकाम करायची, पायाचं मशीन होतं, आसपासच्या तीन-चार चाळींतले ब्लाऊज आणि परकर तिच्याकडे यायचे. मग धाकटे काका संगमेश्वरहून नोकरी शोधायला आले, त्यांना झोपायला जागा पाहिजे, आणि खोलीत हलवता येण्यासारखी एकच गोष्ट होती. मशीन आधी गॅलरीत गेलं, पावसाळ्यात तिथे भिजायला लागलं, मग गावाला कोणाच्या तरी टेम्पोतून रवाना झालं. काकांना नोकरी लागली, पुढे फ्लॅट झाला, आमचं सगळ्यांचं बरं चाललं. काका माणूस चांगला, वाईट कोणीच नाही या गोष्टीत. आईने ॲडजस्ट केलं, एवढंच घरात म्हणतात, तेही कौतुकाने.

जनरल ॲव्हरेज शिकल्यावर मला एकदा लहर आली आणि मी आईसमोर हिशोब मांडला, की बघ, जहाज वाचवायला तुझा माल फेकला, मग बाबांचा वाटा इतका, काकांचा इतका, आजीचासुद्धा, आणि तुझा स्वतःचाही थोडा. ती मटार सोलत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मशीनचं काय गं, मशीन जुनंच होतं. गिऱ्हाईकं गेली ना.’ आणि मी गप्प, कारण यॉर्क-अँटवर्पमध्ये नेमकं हेच बसत नाही. फेकलेल्या मालाची किंमत धरतात, पण उशिरामुळे बाजार गेला, गिऱ्हाईक तुटलं, हे नुकसान धरायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. नियम क. दोन हजार वर्षं घासूनपुसून केलेली पद्धत, पण आईच्या क्लेमला नियम क आडवा आला. मी तिला ते सांगितलं तर म्हणते, ‘मग तुमच्या नियमवाल्यांनी पण ॲडजस्टच केलं म्हणायचं.’

शब्द गुळगुळीत असला की त्याच्यावरून काय काय सरकवता येतं याचं टोक बघायचं तर केरळात बघा. मल्याळम सिनेमात काम करणाऱ्या बायकांच्या परिस्थितीबद्दल न्यायमूर्ती हेमा यांची समिती २०१७ मध्ये नेमली, अहवाल २०१९ संपता संपता सरकारकडे गेला आणि लोकांसमोर यायला १९ ऑगस्ट २०२४ उजाडला, तोही काही भाग वगळून. त्यात नोंद आहे की या धंद्यातल्या बायकांना दोन शब्द चांगलेच ओळखीचे आहेत, ‘कॉम्प्रोमाइज’ आणि ‘ॲडजस्टमेंट’, आणि त्यांचा अर्थ काम हवं असेल तर शरीरसंबंधाला तयार राहा. यासाठी कोणालाही शिवी वापरावी लागली नाही, धमकीचा शब्द नाही, जो शब्द आपण सोसायटीच्या पार्किंगसाठी वापरतो तोच. म्हणजे हा काही वेगळा, घाणेरडा झालेला शब्द नाहीये. तोच आहे. कर्म न सांगता मागणी करायची आणि समोरच्याने ओळखायचं, नाही ओळखलं तर ती अडेलतट्टू.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांना एकेकाळी हा शब्द फार प्रिय होता, जो ॲडजस्टेड तो निरोगी, जो नाही तो ‘मॅलॲडजस्टेड’. मार्टिन ल्युथर किंग १९६७च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनला त्यांच्याच अधिवेशनात बोलायला गेले आणि त्यांनी त्यांचाच शब्द उचलून सांगितलं की तुम्ही हा शब्द बाकी कुठल्याही शब्दापेक्षा जास्त वापरता, आणि तो चांगलाही आहे, पण काही गोष्टी अशा आहेत की त्यांच्याशी माणसाने कधीच जुळवून घेता कामा नये, आणि मग वर्णभेद, वगैरे यादीच दिली. वर सुचवलं की मॅलॲडजस्टेड लोकांची एक आंतरराष्ट्रीय संघटनाच काढायला हवी. मला यात आवडते ती यादी. माणूस नुसतं ‘मी ॲडजस्ट करणार नाही’ म्हणून थांबला नाही, कशाकशाशी ते एकेक करून सांगितलं.

आमच्याकडे यादी मागितली माझ्या भाचीने. लग्नाचं बघणं चालू होतं, मुलाकडचे आले, पोहे झाले, आणि मुलाची आई अगदी मनापासून म्हणाली, ‘आमच्या तशा काहीच अपेक्षा नाहीत हो, मुलगी फक्त ॲडजस्टेबल हवी.’ पूर्वी जाहिरातीत मनमिळाऊ लिहायचे, आता हे, मला आपला तो स्वीडिश पाना दिसायला लागला. भाची सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, तिने खोचकपणे नाही, ऑफिसात विचारते तसं विचारलं, ‘काकू, म्हणजे काय काय ॲडजस्ट करायचं असेल?’ वहिनीने माझ्याकडे बघितलं, म्हणजे हे सगळं आत्याचं शिकवणं. त्या बाई आधी गडबडल्या, ‘तसं काही विशेष नाही गं’ म्हणाल्या, आणि मग, हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं, खरंच आठवायला लागल्या. पाणी पहाटे साडेपाचला येतं आणि अर्धा तासच असतं. यांना शुगर आहे म्हणून संध्याकाळी बरोबर सातला जेवायला लागतं. रविवारी नणंद माहेरी येते तिच्या मुलांना घेऊन. गणपती आमच्याकडे असतात, सगळं कुटुंब जमतं. फ्रीजमध्ये अंडी वेगळ्या कप्प्यात.

‘पाणी मी भरतो की,’ मुलगा मध्येच म्हणाला.

‘तू कधी भरलंस?’ त्याची आई म्हणाली, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं असावं की यातलं बहुतेक सगळं आत्तापर्यंत तीच करतेय, कारण मग ती भाचीकडे बघायचं सोडून नवऱ्याकडे बघून बोलायला लागली. सातचं जेवण सुनेने घरी कधी पोचून करायचं, ती सातला तर ऐरोलीहून निघेल. सासरे पोह्याच्या बशीत बघत होते. भाचीने फोन काढून सगळं नोट्समध्ये लिहून घेतलं आणि प्रत्येकापुढे नाव घालायला लागली, आणि वहिनीने कपाळाला हात लावला.

लग्न झालं. पाणी नवराच भरतो, म्हणजे आता पंप बसवलाय आणि बटण तो दाबतो. अंडी वेगळ्या कप्प्यात. गणपतीला स्वयंपाकाला बाई लावली, तिचे पैसे चारही भाऊ भरतात, याचं श्रेय मी मनातल्या मनात ऱ्होड्स बेटाला देते. सातच्या जेवणाचं मात्र अजून मिटलेलं नाही. सासरे म्हणतात मी माझं ताट वाढून घेईन, पण पोळ्या गरम लागतात.